पॉप-अप कॅम्परसाठी हिच निवडताना: आधी वजन, मग लोखंड

"काका, कॅम्पर बुक केलाय, आता गाडीला हूक कुठला लावू?" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: सामान भरल्यावर कॅम्परचं वजन किती होणार? बहुतेकांना ते माहीत नसतं. माहीत असतो तो विकणाऱ्याने सांगितलेला रिकाम्या कॅम्परचा आकडा, आणि हिच, म्हणजे गाडीच्या मागे कॅम्पर जोडायची ती जोडणी, त्या आकड्यावरून निवडायची नसते.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचा, मुक्कामी उघडून वर उचलायचा ट्रेलर. बंद केला की त्याचा छातीएवढ्या उंचीचा बसका डबा होतो. मागच्या आरशात त्याच्या पलीकडचा रस्ता दिसतो, वारा फारसा अडत नाही, आणि पक्क्या भिंतींच्या कॅरव्हानपेक्षा तो बराच हलका असतो. इंदूरहून महेश्वर, मांडू किंवा हनुवंतियाला दोन-तीन दिवसांसाठी जायचं तर कुटुंबाला याच्याइतकी सोयीची चीज नाही. पण "हलकाच तर आहे" म्हणून हिचकडे दुर्लक्ष होतं. सिमरोळच्या पुढे भेरूघाटाच्या उतारावर सातशे किलो मागून ढकलायला लागले की त्यांना हलकं म्हणायची सोय राहत नाही.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. आधी वजनं, मग गाडीची ताकद, मग हिच, बॉल (हिचवरचा लोखंडी गोळा, ज्यावर कॅम्पर अडकतो), उंची, वायरिंग. उलट क्रमाने गेलेला माणूस एकच वस्तू दोनदा विकत घेतो.

भरलेलं वजन काढा

एक हिशेब मांडून दाखवतो. माहितीपत्रकात रिकामा कॅम्पर 480 किलो लिहिलाय असं धरू. आता त्यात काय काय चढतं? साठ लिटर पाणी म्हणजे 60 किलो. दिव्यांसाठी आणि पंख्यासाठी घरच्या इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी लावली तर साधारण 55. भरलेला घरगुती सिलिंडर आणि शेगडी मिळून 35. गाद्या-पांघरुणं 30, बाहेर ताणायचं छत 20, टेबल-खुर्च्या 25, भांडी आणि शिधा 35. हे झाले 260 किलो, म्हणजे कॅम्पर 740 वर गेला. माहितीपत्रकाच्या दीडपट. आपल्याकडे सहलीला निघताना पोह्यांच्या डब्यापासून कुकरपर्यंत सगळं बरोबर येतं, तेव्हा शिध्याचे 35 किलोही मी हात राखूनच धरलेत.

कॅम्परच्या चॅसीवर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते कोरलेलं असतं. तुमचा आकडा त्या आत हवा. वर निघाला तर मोठी हिच घेऊन काही साधत नाही, कारण कॅम्परचा आस आणि टायर तेवढेच राहतात. सामान कमी करणं हाच उपाय.

कागदावरचा हिशेब झाला की कॅम्पर खरोखर सहलीला निघाल्यासारखा भरा आणि देवास नाका-लसूडियाच्या बाजूला ट्रकांसाठी जे धर्मकाटे आहेत, त्यांपैकी एकावर न्या. कॅम्पर गाडीपासून सोडवून एकटा काट्यावर ठेवा आणि पावती घ्या. मग गाडी एकटी, घरची सगळी माणसं आत बसवून. काटेवाल्याला आधी सांगितलंत की तो रिकाम्या वेळी बोलावतो. या दोन पावत्या जपून ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर चालतं.

गाडी किती ओढू शकते

गाडीच्या पुस्तिकेत टोइंगचं, म्हणजे ट्रेलर ओढण्याचं, प्रकरण शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत हा आकडा नसतो, आणि काहींत ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जिथे नाही लिहिलंय तिथे नाहीच समजा. आकडाच दिलेला नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. शोरूममधल्या मुलाचं "हो सर, आरामात ओढेल" हे उत्तर धरू नका.

परदेशातला आकडा उचलून इथे लावणं ही दुसरी नेहमीची गफलत. स्कॉर्पिओ-एनला ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी 2500 किलोंची मर्यादा दिली आहे, हे खरं. पण तो आकडा तिथे विकल्या जाणाऱ्या गाडीचा, तिथल्या मंजूर टो-बारचा (हिचलाच तिकडे टो-बार म्हणतात) आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतानाचा आहे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा वेगळी आणि खूपच कमी असते. नाव तेच म्हणून इंदुरात घेतलेल्या गाडीला तो आपोआप लागू होत नाही.

गाडीचा सांगाडा कसा आहे हेही पाहा. थार, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, इसुझूचा व्ही-क्रॉस यांना खाली वेगळी शिडीसारखी चॅसी असते, हिच तिच्यावर बोल्टने बसते. क्रेटा, हॅरियर, एक्सयूव्ही700, इनोव्हा हायक्रॉस या मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. मोनोकॉक गाडी ओढूच शकत नाही असं नाही, युरोपात लाखो ओढतात. पण तिथे टो-बार त्या मॉडेलसाठी खास बनलेला असतो आणि कंपनीने ठरवलेल्या जागीच बसतो. आपल्या गाडीला तसा टो-बार मिळत नसेल तर तो बेत सोडून द्या.

आता एक गोष्ट जी नवखे हमखास विसरतात. कॅम्परचं पुढचं टोक बॉलवर टेकतं तो भार गाडीच्या पोटातल्या ओझ्यात मोजायचा असतो. गाडीची माणसं आणि सामान मिळून वाहण्याची क्षमता 450 किलो आहे असं धरा. पाच माणसं 350, डिकीतलं सामान 40, हिचचं लोखंड 25 आणि बॉलवरचा भार 65. बेरीज 480. गाडी तीस किलोंनी जादा भरली आणि अजून गावाबाहेरही पडलेली नाही. एक माणूस कमी किंवा सामान कमी, दोन्हींतलं एक करावंच लागेल.

शिवाय तो भार मागच्या आसाच्याही मागे पडतो, त्यामुळे गाडीचं नाक उचलतं. बॉल मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे आणि दोन आसांतलं अंतर 2.75 मीटर असेल, तर बॉलवरच्या 65 किलोंमुळे पुढच्या चाकांवरून सुमारे 28 किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर सुमारे 93 किलो वाढतात. स्टीअरिंग हलकं झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. मागच्या टायरांत हवा किती हवी हे पूर्ण भरलेल्या गाडीच्या रकान्यात बघा.

बाजारात हिच म्हणून जे मिळतं त्यातलं काय घ्यायचं

आधी काय घ्यायचं नाही ते सांगतो, कारण पैसे तिथेच जातात.

गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत मागच्या बंपरला लावायचा जाड पाइपचा गार्ड मिळतो, मधोमध चकचकीत बॉल बसवलेला. तो शोभेचा असतो. दोन पातळ पट्ट्यांनी बंपरच्या आसपास अडकवलेला असतो आणि त्यावर वजनाची एकही खूण नसते. तसंच, बंद पडलेली गाडी ओढून न्यायला मागे जी कडी असते तीही ट्रेलरसाठी नाही. ती सरळ ताण घेते, वरून पडणारा भार आणि वळणावरचा आडवा झोक घ्यायला ती बनलेली नसते.

आणि मग फॅब्रिकेशनवाला. "भिया, ट्रॉली वाला हूक लगा देते हैं, दस टन खींच लेगा." माळव्यात ट्रॅक्टर-ट्रॉली गल्लोगल्ली, त्यामुळे कारागिराच्या डोळ्यांसमोर तीच जोडणी असते: जाड पट्टी, त्यात भोक, भोकात खिळा. ताकदीला ती कमी नाही. पण खिळा भोकात सैल असतो, आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गतिरोधकाला कॅम्पर आधी मागे ओढला जातो, मग पुढे आदळतो. शेतातून मंडीपर्यंत रमतगमत जाणाऱ्या ट्रॉलीला ते चालतं, साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला चालत नाही. चॅसीवर वेल्डिंग तर अजिबात करू देऊ नका. वेल्डच्या कडेचं पोलाद तापून त्याचे गुण बदलतात आणि तडा पुढे तिथूनच जातो. हिच बोल्टनेच बसली पाहिजे, चॅसीला कंपनीने दिलेल्या भोकांत.

आता घेण्याजोगे प्रकार. युरोपी पद्धतीचा टो-बार म्हणजे खालून वळून वर आलेली हंसाच्या मानेसारखी दांडी आणि तिच्या टोकाला तिचाच बॉल. उंची ठरलेली, आवाज नाही, खडखड नाही. दुसरा रिसीव्हरचा: गाडीखाली चौकोनी पोकळ नळी, तिच्यात बॉल माउंट, म्हणजे टोकाला बॉल असलेली सुटी दांडी, सरकवायचा आणि आडवी पिन टाकायची. याचा फायदा असा की बॉल माउंट बदलून उंची जुळवता येते आणि काम झालं की काढून ठेवता येतं. आपल्याकडच्या उंच गाड्या आणि कमी उंचीचे कॅम्पर पाहता नवख्याला मी रिसीव्हरच सुचवतो, दोन इंची. त्यासाठी मिळणारे माउंट जास्त, आणि सव्वा इंचीपेक्षा पोलादही भरपूर.

रिसीव्हरचे अमेरिकन वर्ग असे: पहिला वर्ग सुमारे 907 किलोंच्या ट्रेलरपर्यंत आणि बॉलवर 91 किलो, दुसरा 1588 आणि 159, तिसरा त्याहून बराच वर. आपला 740 किलोंचा कॅम्पर पहिल्यातही बसतो, पण काठावर राहू नये म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची हिच बरी. मात्र तिसऱ्या वर्गाची हिच लावली म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल, कपलर (कॅम्परच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) या पाचांवर पाच आकडे असतात. त्यांतला सगळ्यांत लहान तोच तुमचा.

युरोपी टो-बारच्या पट्टीवर दोन आकडे दिसतील, डी आणि एस. एस म्हणजे बॉलवर किती किलो चालतील. डी म्हणजे टो-बार ओढीचा किती जोर सोसतो ते. तो किलोन्यूटनमध्ये असतो आणि तुम्हाला किती लागेल ते असं काढतात: गाडीचं पूर्ण भरलेलं वजन टनांत, ट्रेलरचं वजन टनांत, दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, आणि उत्तराला 9.81 ने गुणा. अडीच टनांची गाडी आणि 0.74 टनांचा कॅम्पर घेतला तर 5.6 येतात. पट्टीवर याहून मोठा डी हवा. ज्या वस्तूवर पट्टीच नाही, तिच्याबद्दल दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी ती परत द्या.

बोल्ट 8.8 किंवा 10.9 दर्जाचेच, डोक्यावर आकडा उठवलेला असतो, आणि कसायचे ते टॉर्क रेंचने, हिचबरोबर आलेल्या पत्रकातल्या आकड्यापर्यंत. पीथमपूरच्या कारखान्यांत काम करणारा एखादा भाचा-पुतण्या आपल्याकडे बहुतेक घरांत असतो. त्याला रविवारी जेवायला बोलवा आणि येताना टॉर्क रेंच आणायला सांगा. पाना घेऊन जोरात आवळलेला बोल्ट आणि मोजून आवळलेला बोल्ट यांत फरक असतो, तो तोच तुम्हाला हातात धरून दाखवेल.

बॉल आणि कपलर: पाऊण मिलिमीटरची गोष्ट

युरोप आणि ऑस्ट्रेलियात बॉल 50 मिलिमीटरचा असतो. अमेरिकेत दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटर, आणि हलक्या ट्रेलरांना एक पूर्णांक सात अष्टमांश इंचीही, म्हणजे 47.6. डोळ्यांना तिन्ही सारखेच. पण 50 च्या कपलरमध्ये 50.8 चा बॉल नीट शिरत नाही, खिटी अर्धवट बसते आणि बसल्यासारखी दिसते. उलट दोन इंची कपलर 47.6 च्या बॉलवर सहज बसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडी मारून निघू शकतो. बॉलच्या डोक्यावर आणि कपलरच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, ते वाचा. झिजलेलं असेल तर व्हर्नियरने बॉल मोजा. दोन्हींवर एकच आकडा हवा, "चालून जाईल" हा प्रकार इथे नको.

खिटी लावल्यावर खरी परीक्षा अशी: जॉकी चाक, म्हणजे कॅम्परच्या टोकाखालचं मुठीने वर-खाली होणारं छोटं चाक, फिरवून कॅम्परचं टोक वर उचला. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला पाहिजे. गाडी जागेवर राहिली आणि कपलर एकटाच वर आला, तर तो बसलेला नव्हता. ही परीक्षा दरवेळी करायची, घाई असली तरी.

बॉलला ग्रीस लावावं का? साध्या कपलरला लावा. कपलरमध्ये घर्षणाच्या पट्ट्या असतील, ज्या डोलणं रोखतात, तर बॉल कोरडा आणि स्वच्छच हवा.

उंची

कॅम्पर सपाट चालला पाहिजे, फार तर पुढचं टोक एक-दोन सेंटिमीटर खाली. टोक वर राहिलं की भार मागे सरकतो आणि कॅम्पर शेपूट हलवायला लागतो. टोक फार खाली असेल तर गतिरोधकावर जॉकी चाक घासतं, आणि आपल्या कॉलन्यांतले गतिरोधक काय उंचीचे आहेत ते सांगायला नको.

माप घ्यायचं ते सपाट जागेवर, माणसं आणि सामान गाडीत असताना, कारण रिकामी गाडी दोन-तीन सेंटिमीटर उंच उभी राहते. कॅम्पर सपाट उभा करून कपलरच्या तोंडाची जमिनीपासून उंची घ्या, मग रिसीव्हरची. रिसीव्हर 53 आणि कपलर 43 आला तर 10 सेंटिमीटर उतार असलेला बॉल माउंट हवा, बॉलची स्वतःची उंची धरून. थारवाल्यांना आणखी एक काम आहे. मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर जादा चाक टांगलेलं असतं, तेव्हा कॅम्पर जोडलेला असताना ते दार जॉकी चाकाच्या मुठीवर आपटतं का ते आधी बघा. आपटत असेल तर थोडा लांब माउंट घ्यावा लागतो, पण बॉल जितका मागे जाईल तितकं गाडीचं नाक उचलतं. तेव्हा दार उघडण्यापुरताच लांब, त्याहून जास्त नाही. पूर्ण वळणावर कॅम्परचा कोपरा बंपरला लागत नाही ना, हेही मोकळ्या मैदानात हळूहळू वळवून बघून घ्या.

बॉलवरचा भार: इथे वेळ घाला

सगळ्या मार्गदर्शकातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा. कॅम्पर रस्त्यावर सरळ चालेल की डोलेल, हे हिच किती महागाची आहे त्यापेक्षा बॉलवर किती भार टेकतो यावर जास्त ठरतं. भार कमी पडला, म्हणजे मागचं पारडं जड झालं, की वेग वाढताच किंवा बाजूने मोठा ट्रक जाताच कॅम्पर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीची शेपटीही ओढतो.

अमेरिकेत एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर ठेवतात. युरोपात 5 ते 7 टक्के, कारण तिथल्या गाड्यांच्या एस मर्यादा बऱ्याचदा 50 ते 100 किलोंच्या आत असतात आणि ट्रेलर ओढताना वेगही कमी ठेवतात. आपले रस्ते, आपल्या गाड्या पाहता मी 7 ते 10 टक्के धरायला सांगतो. 740 किलोंच्या कॅम्परला म्हणजे 52 ते 74 किलो. टो-बारची एस मर्यादा 75 असेल तर हे आत बसतं.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रकचा धर्मकाटा इथे उपयोगाचा नाही, दहा-वीस किलोंचा फरक त्यावर धड दिसत नाही. कॅम्पर सहलीसारखा भरा, सपाट फरशीवर उभा करा, चाकांना पुढून-मागून विटा लावा. काट्यावर जाड फळी ठेवा आणि फळीवर उभा लाकडी ठोकळा, इतका उंच की कपलर त्यावर टेकल्यावर बॉलच्या उंचीला राहील. फळी-ठोकळ्याचं वजन आधी वाचून ठेवा. मग कपलर ठोकळ्यावर आणून जॉकी चाक हळूहळू वर घ्या, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत. काट्यावर आला तो आकडा, त्यातून फळी-ठोकळा वजा. दुसऱ्या माणसाने कॅम्परचं टोक धरून उभं राहावं, पण त्यावर रेलू नये.

आकडा जमत नसेल तर हिचला हात लावू नका, सामान हलवा. समजा कपलर ते आस तीन मीटर आहे आणि पाण्याची टाकी आसाच्या एक मीटर मागे. साठ लिटर भरले की बॉलवरचा भार बरोब्बर 20 किलोंनी कमी होतो. घरी रिकाम्या टाकीने 65 मोजलेत आणि वाटेत टाकी भरलीत, तर पुढे 45 वर, म्हणजे आपल्या मर्यादेखाली चाललात. अशी टाकी असेल तर रिकामीच न्या, पाणी मुक्कामी भरा. उलट, ती 55 किलोंची बॅटरी पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर, आसाच्या 2.4 मीटर पुढे बसवली तर एकटीच 44 किलो भार टाकते, आणि मग बाकी सामान धरून 75 ची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. बॅटरी, सिलिंडर, डबे असं जड सामान आसाच्या आसपास, जमिनीलगत. गाद्या-उशा टोकांना. मागच्या बंपरवर सायकली टांगायची हौस असेल तर टांगल्यावर परत मोजा.

भार वाटून देणारी स्प्रिंगच्या दांड्यांची हिच घ्यावी का, असं विचारतात. या वजनाच्या पॉप-अपला गरज नाही, आणि कित्येक पॉप-अपची पुढची फ्रेम त्या दांड्यांचा जोर सोसण्यासाठी बनलेली नसते. गाडीची मागची बाजू फार बसत असेल तर ओझं जास्त झालंय, ते कमी करा.

वायरिंग

आपल्याकडे सात पिनांचा गोल सॉकेट नेहमीचा. ठरलेली मांडणी अशी: एक नंबरला पिवळी, डावा इंडिकेटर. दोनला निळी, मागचा फॉग. तीनला पांढरी, अर्थिंग. चारला हिरवी, उजवा इंडिकेटर. पाचला तपकिरी, उजवा मागचा दिवा. सहाला लाल, ब्रेक. सातला काळी, डावा मागचा दिवा. स्थानिक वायरमन दोन नंबरची पिन रिव्हर्स दिव्याला किंवा बॅटरी चार्जिंगला वापरतात, म्हणून जोडण्याआधी विचारून घ्या. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, असली विचित्र लक्षणं दिसली तर दहांपैकी नऊ वेळा पांढऱ्या वायरचं अर्थिंग कच्चं असतं. आधी तेच घासून घट्ट करा.

अमेरिकन कॅम्परला चार वायरींची चपटी जोडणी असू शकते. त्यात ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर चालतात, आपल्या गाड्यांत वेगवेगळ्या, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो.

नव्या गाड्यांत दिव्यांच्या वायरी सोलून टेप गुंडाळायचं काम करू देऊ नका. दिवे कॉम्प्युटर सांभाळतो. जादा लोड दिसला की इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतात किंवा डॅशबोर्डवर इशारा लागतो. बॅटरीवरून फ्यूज लावून थेट वीज घेणारं ट्रेलर मॉड्यूल बसवा. गाडीच्या वायरीतून ते फक्त इशारा घेतं.

ब्रेक आणि साखळ्या

युरोपात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत. आपला 740 चा कॅम्पर त्या रेषेला टेकलाय. घाट उतरायचे असतील, आणि इंदूरहून नर्मदेकडे निघालं की उतरावेच लागतात, तर ब्रेकवाला कॅम्पर घ्या असंच मी म्हणेन. बहुतेकांना रेट्यावर चालणारे ब्रेक असतात: गाडी हळू झाली की कॅम्पर पुढे रेटतो, कपलरची दांडी आत दबते आणि चाकांचे ब्रेक लागतात. गाडीतून वेगळी वायर लागत नाही. रिव्हर्स घेताना काही जुन्या कॅम्परचे ब्रेक अडकतात, तिथे खिटी लावावी लागते, ती पुढे निघताना काढायला विसरू नका.

साखळ्या दोन, कपलरखाली एकमेकींवरून तिरप्या नेलेल्या, म्हणजे कपलर निसटला तर टोक रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतं. वळणाला पुरतील इतक्या लांब, पण रस्त्याला घासणार नाहीत इतक्याच. ब्रेकवाल्या कॅम्परची बारीक तार, जी कॅम्पर सुटल्यावर त्याचे ब्रेक ओढते, ती टो-बारवरच्या तिच्या कडीत अडकवा. बॉलच्या मानेभोवती नुसती टाकलेली तार कपलरबरोबर वर निसटते.

कागदपत्रं

1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर केंद्राच्या 2004 च्या यादीत बिगर-वाहतूक गटात येते, म्हणजे स्वतःच्या सहलीसाठी ती टॅक्सी-ट्रकच्या रांगेत बसत नाही. विकणाऱ्याकडून फॉर्म 21 आणि फॉर्म 22 मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. पहिला विक्रीचा, दुसरा रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा. "नंतर करून देऊ" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. गाडीत फेरफार करण्यावर कलम 52 चं बंधन आहे, तेव्हा हिचचं पत्रक घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन विचारून या, आणि विमा कंपनीकडून कॅम्पर जोडलेला असताना विमा लागू राहील असं लेखी घ्या. कलम 61 नुसार ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही दिसला पाहिजे. एमपी-09 ची ती जादा पाटी आधीच बनवून ठेवा.

पहिली फेरी

रविवारी सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरवर जा, तेव्हा रस्ता मोकळा असतो. आधी तीसने, मग पन्नासने, मग साठने. मोकळ्या जागी हलके ब्रेक लावून पाहा, धक्का बसतो का, कॅम्पर एका बाजूला ओढतो का. वळताना नेहमीपेक्षा बाहेरून जा, कॅम्परची चाकं आतून कापतात. मागे घेणं हे वेगळं शिक्षण आहे: स्टीअरिंगचा खालचा भाग धरा, कॅम्पर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलवा, आणि मागे कुणाला तरी उभं करा.

कॅम्पर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, गाडी आपसूक हळू होऊ द्या. थांबल्यावर बॉलवरचा भार परत मोजा, कारण डोलण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. हायवेवर साठ-सत्तरच्या वर जायचं काम नाही.

मग घाट. भेरूघाटासारख्या घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. मध्येच टाकायची वेळ येऊ देऊ नका. खाली पोचल्यावर रस्त्याच्या कडेला पुरेशी जागा पाहून थांबा आणि कॅम्परच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न्या, आधी टेकवू नका. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग घट्ट झालंय, पुढे जायचं नाही. कपलरची खिटी, दोन्ही साखळ्या, सॉकेट, पिनेची क्लिप हात लावून पाहा. घरी आल्यावर, साधारण शंभर किलोमीटर झाले की, हिचचे सगळे बोल्ट आणि बॉलचं नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. नव्या लोखंडात रंग दबतो आणि बोल्ट थोडा सैल होतो. आवळून झालं की प्रत्येक बोल्टवर नटापासून पट्टीपर्यंत ऑइल पेंटची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी ती रेघ मोडलेली दिसली की कुठला बोल्ट हलला ते पाना न लावताच कळतं.